कडव्याच्या बाहेर पडलेले गाणे : इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँडच्या पहिल्या चार ध्वनिमुद्रिकांची नवी आवृत्ती

स्कॉटलंडच्या 'इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड'च्या पहिल्या चार ध्वनिमुद्रिका 'फ्लेजलिंग' या इंग्लिश कंपनीने २०१० साली पुन्हा प्रकाशित केल्या. मूळ निर्माते जो बॉइड यांच्या देखरेखीखाली त्यांचे नवे मास्टर, म्हणजे ज्यावरून पुढच्या प्रती काढतात ती अंतिम ध्वनिप्रत, तयार झाले. या चारही ध्वनिमुद्रिका १९६६ ते १९६८ या अवघ्या तीन वर्षांतल्या आहेत. त्या मी पूर्वी सुट्या सुट्या, क्रम न पाळता आणि बऱ्याच अंशी निकृष्ट नकलांवरून ऐकल्या होत्या. नव्या आवृत्तीच्या निमित्ताने त्या प्रथमच एकामागून एक, वर्षांच्या क्रमाने आणि पुरेशा शांततेत ऐकल्या. तसे ऐकताना या मंडळींच्या संगीतातल्या बदलाविषयीची माझी जुनी समजूत मला बदलावी लागली.

ती समजूत बहुतेकांची असते. आरंभी गिटार, बँजो आणि फिडल वाजवणारी साधी लोकगायक मंडळी होती, मग त्यांच्यातला एक जण मोरोक्कोला जाऊन आला, सतार आली, उद हे अरबी तंतुवाद्य आले, रंगीबेरंगी कपडे आले आणि त्यांच्या लोकसंगीताचे 'सायकेडेलिक', म्हणजे नशेतल्या भासांच्या रंगाचे, लोकसंगीत झाले, असा हा हिशेब मांडला जातो. त्यातला प्रत्येक तपशील खरा आहे. पण नवीन वाद्ये आली म्हणून संगीत बदलले, हा निष्कर्ष मला आता पटत नाही. या चार ध्वनिमुद्रिकांत गाण्याची घडणच बदलत गेली आहे. कडवे, ध्रुवपद, पुन्हा कडवे ही चौकट आधी सैल झाली, मग मोडली आणि शेवटी तिची गरजच उरली नाही. वाद्ये आली ती या मोकळ्या झालेल्या गाण्याला टेकू देण्यासाठी. नव्या मास्टरमध्ये प्रत्येक वाद्याची जागा स्वच्छ कळते, त्यामुळे ही गोष्ट कानांना पडताळून पाहता येते, आणि माझ्या दृष्टीने या आवृत्तीचे खरे मोल तेच आहे.

पहिल्या ध्वनिमुद्रिकेची जन्मकथा एडिंबरा आणि ग्लासगो या दोन शहरांत घडते. रॉबिन विल्यमसन आणि क्लाइव्ह पामर ही जोडी एडिंबराच्या लोकसंगीताच्या अड्ड्यांवर गात असे. १९६५ च्या अखेरीस माइक हेरन त्यांना येऊन मिळाला. तिघांनी ग्लासगोच्या सॉकीहॉल स्ट्रीटवर 'क्लाइव्ह्ज इन्क्रेडिबल फोक क्लब' चालवला आणि बँडचे नाव तिथूनच आले. बॉइड हे अमेरिकन गृहस्थ त्या वेळी इलेक्ट्रा या ध्वनिमुद्रिका कंपनीचे लंडनमधले काम पाहत होते. जोडी म्हणून त्यांनी ऐकलेल्या या मंडळींना, आता तिघे झालेले असताना, त्यांनी करारबद्ध केले. ध्वनिमुद्रण लंडनच्या चेल्सी भागातल्या 'साउंड टेक्निक्स' या स्टुडिओत झाले. पूर्वी डेअरी असलेल्या एका इमारतीत जेफ फ्रॉस्ट आणि जॉन वुड यांनी १९६५ साली हा स्टुडिओ उभारला होता. जॉन वुड हेच तिथले ध्वनिमुद्रक. पुढे पिंक फ्लॉइडचे पहिले सिंगल आणि निक ड्रेकची गाणी याच जागेत मुद्रित झाली.

१९६६ ची ही ध्वनिमुद्रिका ऐकताना सर्वात आधी जाणवतो तो तिचा कोरडेपणा, आणि हा शब्द मी स्तुतीच्या अर्थाने वापरतो आहे. सोळा गाणी आहेत, बहुतेक छोटी आणि बहुतेक त्यांनी स्वतः रचलेली. तिघे एकत्र वाजवताहेत अशी गाणी त्यात थोडीच आहेत. पुष्कळदा एकच जण गातो आणि बाकीचे दोघे गप्प बसून ऐकत असावेत असे वाटते. बैठकीत पाळीपाळीने गाणी म्हणावीत तसे हे आहे. बोट तारेवरून सरकल्याचा आवाज, नखीचा लाकडाला झालेला स्पर्श, ओळ सुरू करण्यापूर्वी घेतलेला श्वास हे सगळे नव्या आवृत्तीत शाबूत आहे. टेपची हलकी सरसर पुसून टाकण्याचा मोह आवरलेला दिसतो, हे फार बरे झाले; कारण ती सरसर पुसताना तंतुवाद्याच्या नादाची शेवटची आससुद्धा पुसली जाते आणि या संगीतात त्या आसेलाच फार महत्त्व आहे.

या तिघांत पामर वयाने आणि वृत्तीने जुन्या काळाचा वाटतो, जरी प्रत्यक्षात तो इतर दोघांच्याच वयाचा होता. त्याच्या बँजोत शंभर वर्षांपूर्वीच्या रंगमंचाचा आणि रस्त्यावरच्या गायकाचा वास आहे. 'एम्प्टी पॉकेट ब्लूज' हे त्याचे गाणे इतके सहज उतरले आहे की ते कोणी रचले असेल असे वाटतच नाही, ते आधीपासून कुठेतरी असावे असे वाटते. हेरनची गाणी उत्साही, थोडी अडखळणारी, तरुण आहेत. पुढे काय घडणार आहे याची चाहूल मात्र विल्यमसनच्या 'ऑक्टोबर साँग'मध्ये लागते. बाहेरून ते साधे गाणे आहे. एक गिटार, एक गळा आणि एकामागून एक येणारी कडवी एवढेच. बॉब डिलन यांनी १९६८ मध्ये एका मुलाखतीत ज्या गाण्याचा चांगला उल्लेख केला ते हेच. बारकाईने ऐकले तर प्रत्येक कडव्याची चाल थोडी हललेली असते. ओळीच्या शेवटी गळा सरळ थांबत नाही, तो वळसा घेऊन खाली उतरतो आणि गिटार त्या वळशाच्या मागे जाते. शब्दाला सुरावर चढवण्याऐवजी सुराने शब्दाला ओढत नेण्याची ही रीत आपल्याला अपरिचित नाही. इंग्रजी लोकगीताच्या मापून घेतलेल्या कडव्यात ती शिरली की कडवे आतून ताणले जाते. चौकट अजून शिल्लक आहे, पण तिचे सांधे कुरकुरायला लागले आहेत, हे १९६६ मध्येच ऐकू येते.

ध्वनिमुद्रिका संपली आणि बँडही संपला. पामर रस्त्याने अफगाणिस्तान आणि भारताच्या दिशेने निघून गेला आणि परतल्यावर त्या काळात तरी या बँडमध्ये आला नाही. विल्यमसन आपली सहचरी लिकरिश मॅकेक्नी हिच्यासह मोरोक्कोला गेला. हेरन एडिंबरातच राहून दुसऱ्या एका बँडमध्ये वाजवत होता. विल्यमसन परतला तो गिंब्री हे मोरोक्कन तंतुवाद्य आणि बासऱ्या घेऊन, आणि मग त्या दोघांचाच बँड नव्याने उभा राहिला. इथे एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. जो भारताकडे गेला त्याच्यामार्फत या संगीतात भारत आला नाही. सतार आणि तंबोरा आले ते लंडनमधून, नझीर जयराजभॉय यांच्या हातून. 'सोमा' या टोपणनावाने वाजवणारे जयराजभॉय हे पुढे उत्तर हिंदुस्थानी रागसंगीताचे नामांकित अभ्यासक म्हणून ओळखले गेले. हौशी वादकाने विकत घेतलेली सतार आणि रागाचे शास्त्र जाणणाऱ्याच्या हातातली सतार यांतला फरक १९६७ च्या ध्वनिमुद्रिकेत स्पष्ट ऐकू येतो.

'द फाइव्ह थाउजंड स्पिरिट्स ऑर द लेअर्स ऑफ द अनियन' असे तिचे लांबलचक नाव आहे आणि 'द फूल' या चित्रकार मंडळींनी काढलेले तिचे मुखपृष्ठ त्या वर्षाच्या सर्वात ओळखीच्या चित्रांपैकी एक आहे. तेरा गाणी, आणि साथीला पेंटँगल या ब्रिटिश बँडचे डॅनी थॉम्पसन डबल बेसवर. मी ज्या जुन्या सीडीवर ही ऐकली होती तिच्यात हा बेस इतर आवाजांत मिसळून गेलेला होता. माझ्या कानांना तो जवळजवळ जाणवलाच नव्हता. नव्या मास्टरमध्ये तो सुटा, गोल आणि ठाम ऐकू येतो, आणि तो ऐकू आल्याबरोबर या ध्वनिमुद्रिकेचा अर्थच बदलतो. दोघांची गाणी आता लय मध्येच सोडतात, ओळ हवी तेवढी लांबवतात, एका चालीतून दुसऱ्या चालीत उडी घेतात. तरीही ऐकणारा हरवत नाही, कारण खाली थॉम्पसन यांचा बेस उभा असतो. ख्यालात बंदिश कितीही फिरली तरी ठेका समेची आठवण देत राहतो, त्याच्याशी या कामाचे नाते आहे असे मला वाटते, जरी थॉम्पसन ठेका धरत नाहीत, ते स्वतःही वाटा शोधत असतात.

पहिलेच गाणे घ्या. 'चायनीज व्हाइट' हेरनचे आहे, पण त्याचा रंग ठरवते ती विल्यमसनने गजाने वाजवलेली गिंब्री. मोरोक्कोत हे वाद्य छेडून वाजवतात. गज लावल्यावर त्यातून जो आवाज निघतो तो सारंगी आणि रावणहत्था यांच्या मधल्या कुठल्यातरी जागेतला आहे. सुरात आहे, पण सुराच्या कडा खरखरीत आहेत. हा आवाज गायकाची साथ करत नाही, त्याच्याशी भांडतही नाही, शेजारी बसून आपले वेगळेच काही सांगत राहतो. जुन्या नकलेत तो कर्कश वाटायचा. इथे त्या खरखरीखालचा लाकडाचा आणि कातड्याचा घोष ऐकू येतो आणि कर्कशपणा नाहीसा होतो.

'द मॅड हॅटर्स साँग'मध्ये सतार येते. हे गाणे मी मुद्दाम पुन्हापुन्हा ऐकले, कारण साठच्या दशकातल्या पाश्चात्त्य गाण्यांतली सतार ऐकताना मला बहुधा अवघडल्यासारखे होते. बहुतेक ठिकाणी ती मसाल्यासारखी वरून भुरभुरलेली असते, काढून टाकली तरी गाण्याचे काही बिघडत नाही. इथे तसे नाही. गाणे सतत वेग बदलते. मध्येच ते चक्क ब्लूज या अमेरिकन लोकसंगीताच्या चालीत शिरते आणि बाहेर येते. प्रत्येक वळणावर सतार आणि तंबोरा षड्जाची जमीन पुन्हा अंथरतात. राग इथे नाही आणि त्याचा दावाही कोणी केलेला नाही. भारतीय वाद्याकडून या मंडळींनी नेमकी एक गोष्ट घेतली आहे : आधारस्वर कायम ठेवला की वरचे गाणे कितीही भटकू शकते. मला हे घेणे प्रामाणिक वाटते, कारण त्यांना ज्याची गरज होती तेवढेच त्यांनी घेतले.

याच ध्वनिमुद्रिकेत 'फर्स्ट गर्ल आय लव्हड' आहे, जे अमेरिकन गायिका जूडी कॉलिन्स यांनी १९६८ मध्ये मुलीच्या जागी मुलगा करून गायिले. विल्यमसनच्या गळ्यातले मूळ गाणे मात्र दुसऱ्या कोणाला तसेच्या तसे गाता येईल असे मला वाटत नाही. आठवण सांगता सांगता तो थांबतो, वय मोजतो, पुन्हा आठवणीत जातो आणि चाल त्याच्या बोलण्याच्या गतीने चालते. कडवे म्हणून जे सुरू होते ते गद्यासारखे पसरते, आणि तरी ते गाणेच राहते. हेरनचे 'द हेजहॉग्ज साँग' याच्या अगदी उलट आहे. चौकट पक्की, ध्रुवपद गुणगुणण्याजोगे आणि त्यात एका साळूसारख्या प्राण्याने माणसाला प्रेमाविषयी समज दिलेली. कँटरबरीचे माजी आर्चबिशप रोवन विल्यम्स हे या बँडचे जाहीर चाहते आहेत आणि या गाण्यावर त्यांचा विशेष लोभ आहे. बँडवरील एका ग्रंथाला त्यांनी प्रस्तावनाही लिहिली आहे. शेवटच्या 'वे बॅक इन द नाइनटीन सिक्स्टीज'मध्ये एक म्हातारा भविष्यातून साठच्या दशकाकडे मागे वळून पाहतो. १९६७ मध्ये, ते दशक चालू असतानाच, हे रचले गेले आहे, ही गोष्ट आज ऐकताना मनाला चटका लावते.

तिसरी ध्वनिमुद्रिका 'द हँगमन्स ब्यूटिफुल डॉटर' मार्च १९६८ मध्ये आली आणि ब्रिटनच्या खपाच्या यादीत पाचव्या स्थानापर्यंत पोहोचली. इतके अवघड संगीत इतक्या लोकांनी विकत घेतले, यावर आज विश्वास बसणे कठीण आहे. थॉम्पसन यांचा बेस इथे नाही. आधाराची ती जमीन काढून घेतली आहे आणि तिच्या जागी थर आले आहेत. हेरन आणि विल्यमसन स्टुडिओत एकावर एक मुद्रण चढवत गेले, त्यामुळे दोन माणसांचा वीस माणसांचा मेळा झाला. वाद्यांची नुसती नावे घेतली तरी दमायला होते. गिटार, गिंब्री, उद, मँडोलिन, मोरचंग, हार्मोनिका, टिनव्हिसल, पॅनपाइप, पियानो ही विल्यमसनच्या वाट्याची. सतार, हॅमंड ऑर्गन, हॅमर्ड डल्सिमर आणि हार्पसिकॉर्ड ही हेरनच्या. चक्क सनईसुद्धा या यादीत आहे. साथीला डॉली कॉलिन्स यांचा छोटा बासरी-ऑर्गन आणि डेव्हिड स्नेल यांची हार्प आहे.

इतकी वाद्ये एका ठिकाणी आली की गोंगाट होतो. जुन्या नकलेवर तो मला झाला होताच, आणि म्हणून बरीच वर्षे या ध्वनिमुद्रिकेचे मोठेपण मी इतरांच्या सांगण्यावरून मान्य करत असे, मनापासून नाही. नव्या मास्टरने माझी ही अडचण दूर केली. ही सगळी वाद्ये एकाच वेळी वाजत नाहीतच. प्रत्येक जण येतो, चार ओळी राहतो आणि निघून जातो. एका वाद्याचा नाद विरत असताना दुसरे कुठून तरी उगवते. 'कोइओअॅडी देअर'मध्ये सतारीच्या तारांमागे मोरचंग घुमू लागते आणि गाणे लहानपणीच्या रस्त्यावरून एकदम कोड्याच्या भाषेत जाते, तेव्हा त्या दोन्हींच्या मध्ये जी मोकळी जागा आहे ती आता ऐकू येते. थर आणि गर्दी यांतला फरक असा जागेचाच असतो.

आता 'अ व्हेरी सेल्युलर साँग'. सुमारे तेरा मिनिटांची ही हेरनची रचना आहे आणि माझ्या मते चारही ध्वनिमुद्रिकांचा कळस आहे. कडवे-ध्रुवपदाची चौकट इथे उरलेलीच नाही. आरंभी हिवाळ्याच्या थंडीचे एक शांत, जवळजवळ खासगी गाणे येते. मग अचानक टाळ्यांच्या ठेक्यावर एक भक्तिगीत येते, ते बहामा बेटांवरचे आहे. जोसेफ स्पेन्स आणि पिंडर कुटुंब यांनी गायलेले ते गीत १९६५ मध्ये तिथे मुद्रित झाले होते. तिथल्या परंपरेत ते मृताला निरोप देताना गातात. निरोपाच्या त्या गाण्यातून हार्पसिकॉर्डच्या टोकदार प्रश्नांकडे आणि तिथून चक्क अमीबाच्या स्वगताकडे आपण जातो. एका पेशीच्या जिवाचे दोन कसे होतात, हे तो जीव स्वतः सांगतो, आणि ते ऐकताना हसू येत नाही. मृत्यूच्या निरोपानंतर पेशीच्या विभाजनाचे गाणे ठेवण्यात जो विचार आहे तो हेरनने एकाही ओळीत समजावून सांगितलेला नाही. नुसते शेजारी ठेवले आहे. शेवटी दीर्घ सूर्यप्रकाशाचा आशीर्वाद देणारी एक साधी चाल पुन्हापुन्हा येते आणि तिच्यात सगळे आवाज मिसळून जातात. योगी भजन यांच्या कुंडलिनी योगाच्या वर्गांत शेवटी म्हटले जाणारे इंग्रजी गीत ते हेच. जगभरच्या कितीतरी साधकांना ते प्राचीन मंत्राचे भाषांतर वाटत असेल. प्रत्यक्षात ते एडिंबराच्या एका तरुणाने १९६७ च्या सुमारास रचलेल्या गाण्याचे शेपूट आहे.

आपल्याकडे कीर्तनात अभंग, कथा, ओवी, दृष्टान्त आणि पुन्हा अभंग असे एकातून दुसऱ्यात जाणे कोणाला विचित्र वाटत नाही, कारण सगळे एका निरूपणाला बांधलेले असते. हेरनच्या या रचनेला निरूपण नाही, पण धागा आहे, आणि तो धागा कानाने शोधावा लागतो. मला तो सापडायला बरीच वर्षे लागली. हे सांगण्यात मला संकोच वाटत नाही, कारण पहिल्यांदा ऐकणाऱ्याने निराश होऊन सोडून देऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

विल्यमसनची या ध्वनिमुद्रिकेतली गाणी त्याच वाटेने निघाली आहेत, पण सगळीच पोहोचत नाहीत. 'थ्री इज अ ग्रीन क्राउन' हे मंद, जड, घुमणारे गाणे सतारीच्या आधाराने खोल उतरते. 'द वॉटर साँग'मध्ये पाण्याचा आवाज आणि ऑर्गन यांची जोडी इतकी सुरेख जमली आहे की ते संपू नये असे वाटते. 'द मिनोटॉर्स साँग' मात्र नाटकी समूहगानाच्या अंगाने जाते. पहिल्या दोन वेळा मौज वाटली, पुढे मी ते ओलांडू लागलो. हेरनचे 'स्विफ्ट अॅज द विंड' मला आजही कर्कश वाटते. तिथे गळा ताणला आहे आणि त्या ताणाला गाण्यात पुरेसे कारण नाही. गळ्यांविषयी एवढे सांगायला हवे की दोघांपैकी कोणीही 'गोड' गात नाही. विल्यमसनचा गळा मुरक्या घेतो, सुरावर येण्याआधी त्याच्या आजूबाजूला फिरतो, कधी नाकात शिरतो. इंग्रजी गाणी ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना याचाच त्रास होतो. ज्यांचा कान नाट्यसंगीतावर किंवा ख्यालावर वाढला आहे त्यांना तो कमी व्हावा असा माझा कयास आहे, कारण सुरापर्यंत वळणे घेत जाणे हा आपल्याला दोष वाटत नाही.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात 'वी टॅम अँड द बिग ह्यूज' हा दोन तबकड्यांचा संच आला. अमेरिकेत त्याचे दोन भाग स्वतंत्र विकले गेले. आता लिकरिश मॅकेक्नी आणि रोझ सिम्प्सन या दोघीही बँडचा भाग झाल्या होत्या, आणि स्त्रियांचे आवाज आल्यामुळे संगीताचा पोत मऊ झाला. तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेचे थर इथे मुद्दाम विरळ केले आहेत. एका गाण्यात दोन, फार तर तीन वाद्ये, पण प्रत्येकाला भरपूर वेळ. 'जॉब्स टिअर्स'ने सुरुवात होते आणि त्या एकाच गाण्यात लय किती वेळा बदलते हे मोजणे मी सोडून दिले. ते बदल आता जाणवतही नाहीत, इतके ते बोलण्यासारखे सहज झाले आहेत. १९६७ मध्ये चौकट मोडल्याचा आवाज येत होता, इथे चौकट कधी होती याची आठवणही उरलेली नाही. 'यू गेट ब्राइटर' हे हेरनचे सर्वात उजळ गाणे. 'एअर' हे श्वासाविषयीचे छोटेसे गाणे मिलोश फोरमन यांच्या १९७१ च्या 'टेकिंग ऑफ' या चित्रपटात वापरले गेले आहे. 'द आयर्न स्टोन'च्या उत्तरार्धात शब्द थांबतात आणि सतार व गिटार वेगाने एकमेकांचा पाठलाग करतात. सतारवादनातल्या 'झाला' या द्रुत भागाची आठवण यावी असे ते आहे, आणि नव्या मास्टरमध्ये त्यातली प्रत्येक तार सुटी वाजते.

दुसरी तबकडी मात्र सैल आहे. 'माया' या लांब गाण्यात मायेची कल्पना आपल्याकडून घेतली आहे. जग हे एक जहाज आणि आपण त्यातले प्रवासी, अशा चित्रांनी ती मांडलेली आहे आणि मला ती मांडणी आदराची वाटते. त्यानंतर धार्मिक प्रतिमांची इतकी दाटी होते की कोणतीही एक मनात ठरत नाही. 'डग्लस ट्रेहर्न हार्डिंग' हे गाणे डग्लस हार्डिंग हा आधुनिक विचारवंत आणि टॉमस ट्रेहर्न हा सतराव्या शतकातला कवी यांची नावे एकत्र करून बेतले आहे. कल्पना मोठी आहे, गाणे तिच्याएवढे होत नाही. दोन तबकड्यांऐवजी निवडक गाण्यांची एकच काढली असती तर ही ध्वनिमुद्रिका दुसरीच्या तोडीची ठरली असती, असे माझे मत आहे. त्या काळात बँडला कोणी काही गाळायला सांगत नसावे असे ऐकताना वाटते, आणि पुढच्या वर्षांत, १९६९ च्या 'चेंजिंग हॉर्सेस'पासून, ही उणीव अधिकच जाणवते. ती नंतरची कामे या परीक्षणाच्या कक्षेबाहेर आहेत.

नव्या आवृत्तीविषयी काही व्यावहारिक गोष्टी. आवाजाची पातळी वाढवून सगळे एकसारखे मोठे करण्याची अलीकडची सवय इथे दिसत नाही. हळू गायलेले हळूच राहते आणि त्यासाठी आपल्याला आवाज थोडा वाढवावा लागतो, तो जरूर वाढवावा. मोबाइलच्या स्पीकरवर ही गाणी ऐकू नयेत. तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेत तर हेडफोनही मला स्पीकरपेक्षा कमी उपयोगी वाटला, कारण आवाज डाव्या-उजव्या बाजूंना इतके दूर ठेवले आहेत की ते खोलीच्या हवेत मिसळायला हवेत. पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत सुधारणा सर्वात कमी जाणवते; मुळात तिथे लपण्याजोगे काही नव्हतेच. दुसरीत ती सर्वात जास्त आहे. मी मागवलेल्या संचातल्या एका सीडीचे पाकीट दुमडून आले आणि विक्रेत्याने ते बदलून दिले नाही. कागदी पाकिटे नाजूक असतात, तेव्हा मागवताना पॅकिंगची चौकशी करून घ्यावी.

चारही एकदम घेण्याची गरज नाही. ज्यांना गाणे हवे आहे त्यांनी 'फाइव्ह थाउजंड स्पिरिट्स'पासून सुरुवात करावी. ज्यांना आधीच लांब रचनांची सवय आहे, दोन तास एकच राग ऐकताना जे कंटाळत नाहीत, त्यांनी थेट 'हँगमन्स ब्यूटिफुल डॉटर' घ्यावी. पहिली ध्वनिमुद्रिका दुसरी आवडल्यानंतरच घ्यावी. आधी ऐकली तर ती चांगली पण सामान्य वाटते, नंतर ऐकली तर तिच्यातल्या बिया दिसतात. आणि घेतल्यावर एक करावे. 'ऑक्टोबर साँग' ऐकून झाल्याबरोबर, मध्ये दुसरे काही न ऐकता, 'थ्री इज अ ग्रीन क्राउन' लावावे. गायक तोच आहे, मध्ये दोन वर्षेही गेलेली नाहीत. पहिल्या गाण्यात ओळीच्या शेवटी जो वळसा क्षणभर येऊन जातो, दुसऱ्यात संपूर्ण गाणे त्या एका वळशातूनच उलगडत जाताना ऐकू येईल.